कर्ज बुडालं की नाव बदलायचं: ईरी रेल्वेची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या जुन्या रेल्वेंचे नकाशे आणि शेअर सर्टिफिकेटं चाळताना एकच मार्ग निरनिराळ्या नावांनी भेटतो. आधी 'रेलरोड', मग 'रेल्वे', पुढे पुन्हा 'रेलरोड'. हे बदल हौसेचे नव्हते, अनेकदा त्यांच्यामागे दिवाळं होतं.

ईरीचंच पाहा. 1832 साली सनद मिळाली ती 'न्यूयॉर्क अँड ईरी रेलरोड' या नावाने. हडसनकाठच्या पिअरमाँटपासून ईरी सरोवरावरच्या डंकर्कपर्यंतचा सुमारे 720 किलोमीटरचा मार्ग 1851 मध्ये पुरा झाला, तोही सहा फुटी गेजवर, म्हणजे दोन रुळांमध्ये सहा फूट अंतर ठेवून. त्यापायी कर्ज इतकं वाढलं की 1859 मध्ये कंपनी कोसळली.

अशा वेळी कोर्ट रिसीव्हर, म्हणजे बुडालेल्या कंपनीचा कारभार पाहणारा माणूस, नेमायचं. गाड्या चालूच राहायच्या. तारण ठेवलेली मालमत्ता लिलावात निघायची आणि रोखेधारकांच्या वतीने नवी कंपनी ती विकत घ्यायची. रूळ, इंजिनं तीच, पण कायद्याच्या लेखी मालक नवा. म्हणून नावही नवं: 1861 मध्ये 'ईरी रेल्वे'.

पुढचं संकट माणसांनी ओढवून आणलं. 1868 मध्ये रेल्वेसम्राट कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट बाजारातून ईरीचे शेअर उचलत होता. ईरीच्या संचालक मंडळातल्या डॅनिएल ड्रू, जे गूल्ड आणि जिम फिस्क यांनी कंपनीचे कर्जरोखे शेअरमध्ये बदलून त्याच्यासमोर नव्या शेअरांचा ढीग ओतला आणि अटक टाळायला पैशांसकट नदीपलीकडे जर्सी सिटीच्या हॉटेलात मुक्काम ठोकला. साध्या भागधारकांची ही उघड लूट होती. 1875 मध्ये कंपनी पुन्हा रिसीव्हरच्या हाती गेली, 1878 मध्ये लिलाव झाला आणि 'न्यूयॉर्क, लेक ईरी अँड वेस्टर्न रेलरोड' जन्माला आली. 1893 च्या मंदीत तीही बुडाली, 1895 मध्ये 'ईरी रेलरोड' झाली.

1938 मध्ये पुन्हा दिवाळं निघालं, पण 1941 मध्ये कंपनी बाहेर पडली ती त्याच नावाने. कारण 1933 च्या दिवाळखोरी कायद्यातल्या कलम 77 मुळे लिलाव करून नवी कंपनी काढायची गरजच उरली नव्हती. जुन्या कंपनीलाच कोर्टाच्या देखरेखीखाली देणी नव्याने मांडता येऊ लागली. माझ्या मते नावांच्या या साखळीतला सगळ्यात बोलका दुवा हाच, न बदललेल्या नावाचा.

1960 मध्ये लॅकवाना या दुसऱ्या रेल्वे कंपनीशी विलीनीकरण होऊन 'ईरी लॅकवाना' झाली, 1972 मध्ये ॲग्नेस वादळाने तिचं कंबरडं मोडलं आणि 1976 मध्ये बराचसा मार्ग सरकारने उभ्या केलेल्या कॉनरेल या रेल्वे कंपनीकडे गेला.