बेघर व रस्ता-छायाचित्रण (ग्रामीण विदर्भ)

सार्वजनिक जागी, कोणतीही मांडणी न करता, समोर चाललेल्या जगण्याची छायाचित्रे घेण्याचा प्रकार म्हणजे रस्ता-छायाचित्रण. ‘स्ट्रीट फोटोग्राफी’ या नावानेच तो अधिक ओळखला जातो. पदपथ, रेल्वेचा फलाट, उड्डाणपुलाखालची जागा ही त्याची नेहमीची क्षेत्रे असल्याने उघड्यावर राहणारा माणूस त्यात सुरुवातीपासून आढळतो. ग्रामीण विदर्भाशी या विषयाचा संबंध दोन बाजूंनी येतो. मोठ्या शहरात टिपलेला ‘बेघर’ पुष्कळदा मेळघाटातला वा यवतमाळकडचा हंगामी मजूर असतो आणि गावी त्याचे घर असते. उलट आठवडी बाजाराच्या कडेला, एसटी स्थानकात किंवा जत्रेत दिसणाऱ्या ज्या कुटुंबांना खरोखरच घर नसते, त्यांची छायाचित्रे ‘लोकजीवन’ या सदरात जातात.

या प्रकाराचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. छायाचित्रणाचे एक आद्य प्रवर्तक लुई दागेर यांनी १८३८ च्या सुमारास पॅरिसमधील एका हमरस्त्याचे जे चित्र घेतले, त्यात बुटांना पॉलिश करून घेणारा माणूस दिसतो. काही अभ्यासक तेच पहिले रस्ता-छायाचित्र मानतात. परंतु त्या काळी एका चित्राला काही मिनिटे प्रकाश द्यावा लागे. चालती माणसे आणि गाड्या उमटल्याच नाहीत, उभा राहिलेला तेवढा उमटला. त्यात हेतू शोधणे कठीण आहे. बेघरांपुरते पाहिल्यास छायाचित्रकार जॉन टॉमसन यांच्या १८७६–७७ मधील लंडनच्या मालिकेपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. तीत पायरीवर बसलेल्या एका निराधार बाईचे चित्र आहे. तिच्या कुशीतले मूल तिचे नाही. कामावर गेलेल्या दुसऱ्या बाईचे ते मूल ती सांभाळत आहे. हे केवळ चित्रावरून कळत नाही, सोबतच्या अडॉल्फ स्मिथ यांच्या मजकुरावरून कळते. त्याच वर्षी, १८७७ मध्ये, अनाथ मुलांसाठी काम करणारे थॉमस बार्नार्डो यांच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा जोडचित्रांचा वाद लवादापुढे गेला. आश्रमात येण्यापूर्वीची अवस्था अधिक दीनवाणी भासावी अशी मांडणी चित्रांत केल्याबद्दल लवादाने त्यांना दोष दिला. करुणा जागवण्यासाठी दैन्य रचावे का, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

न्यूयॉर्कमध्ये पत्रकार जेकब रीस यांनी १८८७ नंतर मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगझगाट वापरून रात्रीच्या निवाऱ्यांत छायाचित्रे घेतली. पोलीस ठाण्यांतले कोंदट रात्रनिवारे १८९६ मध्ये बंद झाले, त्यामागे रीस यांच्या खटपटीचा वाटा मानतात. तथापि गाढ झोपेतल्या थकल्या माणसांवर एकाएकी उजेड फेकून चित्र घेणे आज समर्थनीय ठरत नाही. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिआ लँग यांच्या १९३६ मधील स्थलांतरित मातेच्या प्रसिद्ध चित्राचीही अशीच अडचण आहे. छायाचित्रकार काही मिनिटांत निघून गेली. चित्रातील स्त्री कोण हे जगाला १९७८ मध्ये कळले.

बेघर कोणाला म्हणावे, ही यापुढची आणि विदर्भाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची तांत्रिक अडचण. भारतीय जनगणनेनुसार इमारतीत वा ‘जनगणना घरात’ न राहता रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर किंवा देवळाच्या आवारात उघड्यावर राहणारे कुटुंब ते बेघर. इमारतीला सामान्यतः चार भिंती व छप्पर हवे. पण छप्परच जमिनीला टेकत असेल आणि आत जायला वाट असेल, तर भिंतींवाचूनही ते घर धरावे, अशी सूचना गणकांना असते. आता पाल, म्हणजे भटक्यांचा तंबू, घ्या. चार बांबू, वर ताडपत्री, एका बाजूला शिवलेल्या पोत्यांचा आडोसा, दाराशी तीन दगडांची चूल, जळणाला शेतातून मागून आणलेल्या पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे), बाजेखाली डालग्यातल्या कोंबड्या. याला छप्पर आहे, वाटही आहे. एक गणक त्याला घर म्हणेल, दुसरा म्हणणार नाही, आणि दोघेही नियमाला धरूनच असतील. २००१ मध्ये देशातील बेघरांची संख्या सुमारे १९.४ लाख होती, ती २०११ मध्ये १७.७ लाख झाली. या काळात ग्रामीण आकडा ११.६ लाखांवरून ८.३ लाखांवर आला, तर शहरी ७.८ लाखांवरून ९.४ लाखांवर गेला. गावांतली घट निवारा मिळाल्याने किती आणि माणसे शहरांकडे सरकल्याने किती, हे या आकड्यांवरून वेगळे करता येत नाही. शिवाय २०११ ची बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. होळी त्या वर्षी १९ मार्चला होती. मेळघाटातील कोरकू आदिवासी मजूर दिवाळीनंतर कामासाठी उतरतात आणि होळीला परततात. म्हणजे त्या रात्री त्यांतील बरेच जण बाहेर, बांधकामांवर असणार. मोजणी असो वा छायाचित्र, एका रात्रीच्या नोंदीतून हंगाम निसटतो.

विदर्भात उघड्यावर दिसणारे सर्व लोक एका वर्गात बसत नाहीत. कच्छमधून आलेले रबारी मेंढपाळ उंट, बाजा आणि बिऱ्हाडासह शेतोशेती फिरतात. त्यांची भटकंती हा व्यवसाय आहे. उंटांसह सूर्यास्ताची त्यांची चित्रे विपुल निघतात आणि ती बेघरीची चित्रे नव्हेत. नाथजोगी, बहुरूपी, वैदू यांची पाले बाजारांच्या वारांप्रमाणे हलतात. फासेपारध्यांच्या बेड्यांची, म्हणजे वस्त्यांची, गोष्ट निराळी. जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा डाग १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला, संशय मात्र राहिला. बेडा अनेकदा गावाबाहेर ई-क्लास जमिनीवर, म्हणजे शासकीय चराईच्या जागेवर असतो. जागा नावावर नाही म्हणून घरकुल अडते, आणि घरकुल नाही म्हणून पाल सुटत नाही. पारधी आवास, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत यांसारख्या योजना याच गाठीसाठी काढल्या गेल्या. कॅमेऱ्याविषयीचा बेड्यावरचा दुरावा या इतिहासाशी जोडून पाहिला पाहिजे. मध्य प्रांत व वऱ्हाडातील जातीजमातींवरील रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मधील चार खंडांत छायाचित्रे आहेत, पण त्यांखाली बहुधा जातीचे नाव असते, माणसाचे नसते. आजच्या अनेक छायाचित्रांखाली ‘पारधी स्त्री’ एवढेच लिहिलेले असते, ही जुनीच सवय होय आणि ती सोडायला हवी.

विदर्भातील सर्वाधिक परिचित बेघर प्रतिमा गाडगेबाबांची (१८७६–१९५६) म्हणता येईल. शेंडगावी जन्मलेल्या बाबांनी १९०५ मध्ये घर सोडले. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः मात्र त्यांत कधी मुक्काम केला नाही. त्यांच्या दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ हे स्वतंत्र सूत्र आहे. चिंध्यांचे कपडे, हातात खराटा आणि गाडगे ही त्यांची छबी घरोघरी पूजेत असते. त्याच वेषातला अनोळखी माणूस ओट्यावर बसला तर त्याला उठवले जाते.

कायद्याच्या अंगाने, सार्वजनिक जागी छायाचित्र घेण्यास सर्वसाधारण मनाई नाही. मात्र घर वा ठिकाणा नसलेले, उपजीविकेचे उघड साधन नसलेले बालक २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ ठरते, आणि कलम ७४ नुसार अशा बालकाची ओळख पटेल असे छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. पालाबाहेर खेळणाऱ्या मुलांची चित्रे सर्रास काढणाऱ्यांनी हे कलम ध्यानात ठेवावे. उपचार घेत असलेल्या मनोरुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीवाचून माध्यमांना देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याची मनाई आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. ज्याला भिंतच नाही त्याचा खासगीपणा कसा जपावा, हा प्रश्न छायाचित्रकाराच्या विवेकावरच पडतो.

व्यवहारात दोन मते आहेत. विचारल्यास सहजता जाते, म्हणून आधी टिपावे व मग बोलावे, हे एक. आधी ओळख, मग कॅमेरा, हे दुसरे. मोठ्या शहराच्या गर्दीत पहिल्याचा बचाव थोडाफार होऊ शकतो. आठवडी बाजाराच्या गावी तो टिकत नाही: पाल पुढच्या आठवड्यातही त्याच वारी, त्याच कडेला असते आणि छायाचित्रकार परत जाऊन विचारू शकतो. निजलेल्या माणसाचे चित्र न घेणे, संमतीने नाव घालणे, गाव आणि महिना लिहिणे आणि छापील प्रत पोचवणे, एवढे तरी व्हावे. बहुतेक पालांत कुटुंबाचा एकत्र असा एकही फोटो नसतो; आलेली प्रत रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत, पेटीत ठेवली जाते.