रायबोसोम जोडी कशी पारखतो?

पावसाळा लागला की बडोद्यात मेडिकलवर हमखास ऐकू येतं, “सर्दी झालीय, अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी द्या.” रावपुऱ्यात तेच, दांडिया बाजारात तेच. सर्दीवर हे जीवाणूंवरचं औषध चालत नाही, आणि त्याचं कारण पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या एका अंगकात, रायबोसोममध्ये आहे. त्याची रचना उलगडणारे वेंकटरामन रामकृष्णन याच शहरात वाढले. १९७१ साली ते इथल्या सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांच्यासोबत मिळालं. ज्योतिष आणि होमिओपॅथी दोन्ही थोतांड आहेत, असं २०१६ साली चंदीगडमध्ये त्यांनी स्पष्ट सांगितलं, याचंही मला फार कौतुक आहे.

रायबोसोमला पटल नसतं. जीवाणूंमध्ये त्याचे दोन भाग, लहान ३०एस आणि मोठा ५०एस. लहान भागातून प्रथिनाचा आराखडा असलेला संदेशवाहक आरएनए सरकतो. त्याच्या प्रत्येक तीन अक्षरांना जुळणारा टीआरएनए हा छोटा वाहक आपलं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, घेऊन येतो. सेकंदाला वीसेक आम्लं जोडली जातात, आणि चूक हजारो जोडण्यांत एखादी.

ही अचूकता संदेशाची आणि टीआरएनएची अक्षरं जोडणाऱ्या नुसत्या हायड्रोजन बंधांच्या जोरावर शक्य नाही. बरोबर आणि चूक जोडीच्या ऊर्जेत तेवढा फरकच नसतो. रामकृष्णन यांच्या गटाने २००० साली ३०एसची रचना मांडली आणि पुढच्याच वर्षी उत्तर हाती आलं. रायबोसोमच्या स्वतःच्या आरएनएमधले १४९२ आणि १४९३ क्रमांकाचे ‘ए’, म्हणजे अ‍ॅडेनिन एरवी आत दुमडलेले असतात. टीआरएनए जुळला की ते बाहेर वळून जोडीच्या उथळ खाचेत बसतात. आरएनएच्या अक्षरांची जोडी ए-यू असो वा जी-सी, बरोबर जोडीची खाच एकाच मापाची. चुकीची त्या मापात बसत नाही. अंधारात पायाने पायरी चाचपावी, तसा रायबोसोम अक्षर न वाचता आकार अजमावतो. ही कडक तपासणी पहिल्या दोन अक्षरांची, तिसऱ्याला सवलत. म्हणून तर फक्त तिसऱ्या अक्षरात वेगळी असलेली अनेक त्रिकुटं एकच आम्ल सांगतात. मग ३०एस आवळला जातो, जीटीपी हा ऊर्जा देणारा रेणू फुटतो आणि आम्ल जोडण्याआधी पुन्हा एक पारख होते.

पॅरोमोमायसिन हे जीवाणूंवरचं दुसरं औषध नेमकं इथेच घुसतं. ते दोन्ही अ‍ॅडेनिन आधीच बाहेर ढकलतं, त्यामुळे चुकीचे टीआरएनएही खपून जातात आणि जीवाणूची प्रथिनं बिघडतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०एसमधल्या, आम्लांची नवी साखळी बाहेर पडते त्या बोगद्यात अडकून तिची वाट अडवतं.

सर्दी होते विषाणूंमुळे, आणि विषाणूला स्वतःचा रायबोसोमच नसतो. तो आपल्या पेशीतला ८०एस रायबोसोम वापरतो, आणि त्याला अ‍ॅझिथ्रोमायसिन धरत नाही. गोळीचा मारा बसतो तो पोटातल्या जीवाणूंवर.

आपल्याच पेशीतल्या तंतुकणिकांचे (ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांचे) रायबोसोम मात्र जीवाणूंच्या रायबोसोमशी नातं सांगतात. काही घराण्यांत तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये १५५५ व्या जागी ए ऐवजी जी असतो. त्यामुळे तिथला रायबोसोम जीवाणूसारखा आणखीच दिसतो आणि जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही जीवाणूंवरची औषधं त्याला चिकटतात. अशा माणसाला इंजेक्शननंतर कायमचं बहिरेपण येऊ शकतं. तंतुकणिका आईकडून येतात. तेव्हा आई, आजी, मामा, मावशी यांपैकी कुणाचं ऐकणं अशा इंजेक्शनांनंतर गेलं असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.