विद्युतवाहकता चाचणी, नित्याच्या वस्तूंची

एखाद्या वस्तूतून विद्युतप्रवाह वाहतो की नाही, हे सेल, तारा आणि दिवा यांच्या मंडलात ती वस्तू जोडून पाहण्याची रीत. शाळेत सुवाहक-दुर्वाहक भेद शिकवताना हीच मांडणी वापरतात. दिवा पेटला तर वस्तू सुवाहक, नाही तर दुर्वाहक.

या भेदाचा शोध सामान्यतः इंग्लंडमधील संशोधक स्टीफन ग्रे याच्याकडे जातो. १७२९ च्या जुलैमध्ये केंट परगण्यात त्याचा मित्र ग्रॅनव्हिल व्हीलरच्या घरी दोघांनी सुतळीवाटे विद्युतभार दूरवर नेला. सुतळी रेशमी दोऱ्यावर तोलली होती आणि दोरा बारीक असल्याने भार गळत नाही, असा त्यांचा समज होता. दोरा तुटल्यावर बारीक पितळी तार लावली, तेव्हा मात्र प्रयोग फसला. म्हणजे गुण बारीकपणाचा नव्हे, रेशमाचा. दोन्ही वर्गांना नावे १७४० च्या सुमारास इंग्लंडमधील शास्त्रज्ञ डेझाग्युलिए याने रूढ केली. पण नाव देणे आणि भेद ओळखणे वेगळे धरल्यास अग्रक्रम ग्रेचाच ठरतो.

रेशीम आणि धातूची तार ही जोडी नाशिक जिल्ह्यात येवल्याच्या पैठणीत एकाच वस्त्रात येते. कोरडे रेशीम दुर्वाहक असते. अस्सल जरीत धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा देतात. हलक्या जरीत मुलाम्याखाली तांबे असते. दोन्हींतून प्रवाह वाहतो. प्लॅस्टिक जरीत धातूचा थर अतिशय पातळ असून बहुधा त्यावर रंगीत लेप असतो, त्यामुळे वरून टेकवलेल्या टोकांना प्रवाह सापडत नाही. चाचणीतून चांदी आणि तांबे यांतला फरक कळत नाही, हे खरेदीदाराने ध्यानात ठेवावे. नाशिकच्या भांडी बाजारातील वस्तूंचेही तसेच. पितळेची रोधकता (पदार्थाचा अंगभूत रोध) तांब्याच्या (२०° से. ला सुमारे १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर) साधारण चौपट असते, तरी तांब्या तांब्याचा असो वा पितळी, दिवा सारखाच पेटतो, दिव्याच्या स्वतःच्या रोधापुढे भांड्याचा रोध नगण्य असतो.

‘वाहतो’ किंवा ‘वाहत नाही’ हे उत्तर दर्शकावरही, म्हणजे प्रवाह दाखवणाऱ्या साधनावरही, अवलंबून असते. बॅटरीच्या बल्बला दशांश अँपिअरच्या घरातला प्रवाह लागतो, एलईडीला काही मिलिअँपिअर पुरतात. त्यामुळे मिठाच्या पाण्यात बल्ब विझलेलाच राहतो, त्याच पाण्यात एलईडी मंद उजळतो आणि तारेच्या टोकाशी बुडबुडे दिसतात. द्राक्षाच्या रसात टार्टारिक आम्ल व पोटॅशियमचे क्षार असल्याने मणीही किंचित वाहक असतो. ते मल्टिमीटर या प्रवाह व रोध मोजणाऱ्या उपकरणावरच नीट कळते.

मोटर वाइंडिंगची तार वरून तांब्यासारखी दिसली, तरी तिच्यावर एनॅमलचा रोधक लेप असतो. पॉलिश पेपरने टोके घासल्याशिवाय केलेली चाचणी निरर्थक. कारखान्यांत रोधक आवरण तपासायला मेगर हे मोठा रोध मोजणारे उपकरण वापरतात; तो बहुधा ५०० व्होल्ट दाब देतो आणि रोध मेगओहममध्ये दाखवतो.