दाबोळीतलं तीन सुकाणूंचं विमान

दाबोळी विमानतळावरून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाताना नौदलाचं विमान संग्रहालय लागतं. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते सुरू झालं. कोल्हापुरातून गोव्याला निघालेले लोक आंबोलीने उतरोत किंवा बेळगाव-चोर्ल्याने, संग्रहालयापर्यंतचं अंतर सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर पडतं. शाळा-कॉलेजच्या सहलीही तिथे थांबतात. (सोमवारी बंद असतं. बस ठरवण्याआधी एवढं बघावं.) आत शिरलं की मुलं सी हॅरियरकडे धावतात आणि ते साहजिकच आहे. पण आवारातलं सगळ्यात मोठं विमान लढाऊ नाही. चार पंख्यांचं, पाठीला बाक असलेलं, शेपटीवर एकाऐवजी तीन उभी सुकाणू असलेलं ते सुपर कॉन्स्टेलेशन एअर इंडियाने प्रवासी नेण्यासाठी घेतलं होतं. ते नौदलाच्या अंगणात कसं आलं, हे समजून घ्यायचं तर नौदल आणि हवाई दल यांच्यातल्या एका जुन्या वादात शिरावं लागतं.

आधीचा काळ थोडक्यात. कोल्हापूरच्या विमानतळाची, म्हणजे उजळाईवाडीची धावपट्टी १९३९ ची. नौदलाला पहिलं विमान मिळालं ते त्यानंतर चौदा वर्षांनी, १९५३ मध्ये, कोचीच्या तळावर. ते होतं शॉर्ट सीलँड, पाण्यावरही उतरणारं छोटं विमान. त्याचा नमुना याच आवारात आहे. फायरफ्लाय तोफांच्या सरावासाठी लक्ष्य ओढणारं, तर एचटी-२ आणि व्हँपायर ही शिकाऊ वैमानिकांची. खरं वळण १९६१ चं. मार्चमध्ये विमानवाहू नौका विक्रांत नौदलात आली, सप्टेंबरमध्ये तिच्या विमानांसाठी कोइमतूरजवळ सुलूरला हंसा तळ उघडला आणि डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १८ डिसेंबरला पुण्याहून उडालेल्या कॅनबेरांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. बेळगावच्या सांबऱ्याहून गेलेल्या हंटरांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. गंमत अशी, की त्याच रात्री उरलेल्या धावपट्टीवरून एका पोर्तुगीज कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन उडून निसटलं. १९६४ मध्ये हंसा तळ सुलूरहून दाबोळीला आला.

आता वाद. समुद्रात शेकडो मैल आत जाऊन जहाजं आणि पाणबुड्या हुडकणारी, पण जमिनीवरच्या धावपट्टीवरून उडणारी मोठी विमानं कोणाच्या ताब्यात असावीत? विक्रांतवरची विमानं नौदलाची, यावर मतभेद नव्हते. मोठी विमानं मात्र हवाई दलाकडे होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला मोडून टाकलेली लिबरेटर बाँबफेकी विमानं दुरुस्त करून पुन्हा उडती केली होती, आणि १९६८ अखेरपर्यंत तीच समुद्रावर टेहळणी करत होती. त्यांच्या जोडीला आणि नंतर त्यांच्या जागी आली ही सुपर कॉन्स्टेलेशन. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ जेट आली आणि पंख्यांची मोठी विमानं एकदम जुनी ठरली. काही हवाई दलाला मिळाली. लांब पल्ला आणि तासन् तास हवेत राहण्याची ताकद, एवढ्यावर ती टेहळणीच्या कामाला लागली.

हवाई दलाची बाजू अशी: चार इंजिनांची विमानं, ती उडवणारे, दुरुस्त करणारे, सुटे भाग, हँगर हे सगळं एकाच दलाकडे असावं. दोन ठिकाणी विभागलं की खर्च दुप्पट आणि तयारी निम्मी. देश परकीय चलनासाठी अडलेला असताना हा मुद्दा फेकून देण्यासारखा नव्हता.

नौदलाची बाजू वेळेची होती. विमानाला जहाज दिसलं, तर खबर आधी विमानतळाला, तिथून हवाई दलाच्या मुख्यालयाला, मग नौदलाच्या संचालन कक्षाला आणि शेवटी समुद्रातल्या आपल्या जहाजाला जाणार. यात दोन तास गेले असं धरू. दिसलेलं जहाज १५ नॉट, म्हणजे तासाला १५ सागरी मैल वेगाने जात असेल, तर तेवढ्यात ते ३० सागरी मैल कुठल्याही दिशेला गेलेलं असू शकतं. म्हणजे शोधाचं वर्तुळ २,८०० चौरस सागरी मैलांपेक्षा मोठं. खबर खरी असूनही निरुपयोगी. शिवाय क्षितिजावरची सावली युद्धनौकेची की तेलवाहूची, हे संध्याकाळच्या उजेडात ओळखायला वर्षानुवर्षं जहाजं बघितलेली नजर लागते.

१९७१ ने हा हिशेब कागदावरून समुद्रावर आणला. ९ डिसेंबरला दीवच्या बाजूला पाकिस्तानी पाणबुडीने आपली युद्धनौका खुक्री बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या भागात पाणबुडी आहे, याची कुणकुण होती आणि तिच्या मागावरच नौका निघाल्या होत्या. पाणबुडीविरोधी अलिझे विमानं बहुतेक विक्रांतसोबत बंगालच्या उपसागरात होती. सुपर कॉन्स्टेलेशन मुळात पाणबुडी मारण्यासाठी बनलेलंच नाही. पाण्याखाली गेलेली पाणबुडी रडारवर दिसत नाही. त्यासाठी पाण्यात टाकायचे, पाण्याखालचा आवाज टिपणारे सोनोबॉय लागतात, आणि पाणबुडीच्या लोखंडाने चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक टिपणारा शोधक लागतो.

ही दोन्ही साधनं असलेलं सोव्हिएत इल-३८ घ्यायचं ठरलं, तेव्हा ते कोणाला द्यायचं हा प्रश्न टाळता येईना. १९७६ मध्ये सरकारने निर्णय दिला: समुद्री टेहळणी नौदलाकडे. नवी विमानं येण्याआधीच हवाई दलाची सुपर कॉन्स्टेलेशन दाबोळीला आली आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये त्यांचं नौदलातलं पथक उभं राहिलं. पुढच्या वर्षी इल-३८ दाखल झाली. या निर्णयाला पाच वर्षं उशीर झाला, असं आमचं मत. जुनी, दमलेली विमानं नौदलाच्या गळ्यात पडली असं तेव्हा म्हणणारेही होते, पण मोठं विमान कसं चालवायचं हे नौदल त्याच विमानांवर शिकलं. १९८८ मध्ये प्रचंड टुपोलेव्ह-१४२ आलं, तेव्हा शिकवायला माणसं तयार होती.

हे डोक्यात ठेवून ते विमान जवळून बघावं. तीन सुकाणू शोभेसाठी नाहीत. तेवढंच क्षेत्रफळ एका सुकाणूत बसवलं असतं, तर ते त्या काळच्या हँगरच्या दारात मावलं नसतं. इंजिन १८ सिलिंडरचं, आणि प्रत्येक इंजिनाच्या धुरावर फिरणाऱ्या तीन टर्बाइन आहेत, ज्या वाया जाणारी ताकद पुन्हा क्रँकशाफ्टला देतात. अशी इंजिनं उभी राहिली, की तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये उतरतं. सुरू करण्याआधी पंखा फिरवून ते बाहेर काढलं नाही, तर पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यात भर इंधनाची. या इंजिनांना ११५/१४५ दर्जाचं विमानी पेट्रोल लागे. जगभर जेटचं रॉकेल सुरू झालं आणि हे पेट्रोल बाजारातून जवळजवळ गेलं. टेहळणी करणारी ही विमानं १९८० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात थांबली.

विक्रांतच्या विमानांकडेही असंच बघता येतं. सी हॉकला इंजिन एक, पण धूर पंखांच्या मुळाशी दोन बाजूंना सोडलेला. त्यामुळे मागचा भाग इंधनाला मोकळा मिळाला. शेपटीखालचा आकडा डेकवरच्या तारेत अडकायचा. अलिझेच्या पोटात रडारचा घुमट आहे. काम असेल तेव्हा खाली सोडायचा आणि उतरण्याआधी वर घ्यायचा. सी हॅरियरच्या दोन्ही कुशींना दोन-दोन तोट्या दिसतात. त्या खाली वळवून विमान उभं उतरायचं. देखभाल करणाऱ्यांची डोकेदुखी वेगळीच होती: इंजिन बदलायचं तर आधी अख्खा पंख काढावा लागे. डिसेंबर १९८३ मध्ये दाबोळीला आलेलं हे विमान मे २०१६ मध्ये निवृत्त झालं.

ही विमानं आज कशी आहेत, हाही इतिहासाचाच भाग. समुद्र इतका जवळ असताना अ‍ॅल्युमिनियमची विमानं उघड्यावर ठेवायची हा निर्णय जागेपायी आणि पैशापायी घेतला जातो. जगात अनेक संग्रहालयांनी तेच केलं. परिणाम मात्र ठरलेला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगला लोखंडी बोल्ट लावून एक पावसाळा बाहेर ठेवलेला ज्याने बघितला आहे, त्याला समजवायला नको. दोन धातू, मध्ये खारट ओल, की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. विमानात स्टीलच्या स्क्रूभोवती आधी पांढरी भुकटी दिसते, मग पत्रा रिव्हेटच्या आजूबाजूला फुगतो. उच्च ताकदीच्या मिश्रधातूत तो पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. १९५० च्या दशकातल्या चाकांच्या रिम आणि गिअर पेटीच्या कवचांत मॅग्नेशियम असे, ते सगळ्यात आधी जातं.

दुसरा शत्रू म्हणजे हौशी रंगकाम. विमानाच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, प्रत्येक बाजूला जाडीच्या फार तर पाच टक्क्यांपर्यंत. तोच पत्र्याचं रक्षण करतो. एमरीने घासला की संपला. मग त्यावर बाजारातला इनॅमल थेट मारला, तर एक-दोन पावसाळ्यांत पोपडे. योग्य क्रम असा: रासायनिक स्ट्रिपरने जुना रंग काढणं (वाळूचा फवारा पातळ पत्र्याला बाक आणतो), गंज खरवडणं, पत्र्याला धरणारा एचिंग प्रायमर, त्यावर इपॉक्सी प्रायमर, शेवटी पॉलियुरेथेन. या सगळ्यात एक बारकी गोष्ट हमखास चुकते. विमानाच्या पोटाला पाणी निघायला छोटी भोकं असतात आणि रंगारी ती बुजवतो. पुढच्या पावसाळ्यात पोट आतून भरतं आणि बाहेरून चकाचक दिसणारं विमान आतून सडतं. विमानाखाली वाकून ही भोकं उघडी आहेत का बघा. देखभाल करणाऱ्याला काम कळतं की नाही, ते तिथेच ठरतं.

आणखी काही खुणा. विमान एका बाजूला कललेलं असेल, तर त्या बाजूच्या चाकाच्या पायात दाबाने भरलेला नायट्रोजन बहुधा गेला आहे. चांगल्या ठिकाणी पायांखाली स्टँड देऊन टायरवरचा भार काढतात. दुमडलेले पंख हायड्रॉलिकच्या भरवशावर सोडत नाहीत, त्याला सुटा आधारदांडा लावतात. सुकाणू हलतं मोकळं असेल, तर वाऱ्याने आपटून बिजागरी तुटते. कॉकपिट बंद का, याची तक्रार नेहमी होते. कारणं दोन. इजेक्शन सीटमधली (वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली) स्फोटक दारू आणि छत उडवणारे स्फोटक काढले आहेत याची कागदोपत्री खात्री लागते. आणि जुन्या घड्याळांच्या आकड्यांवर रेडियमचा रंग असतो. त्याची चमक गेली, तरी किरणोत्सर्ग जात नाही.

कोल्हापुरात एखाद्या चौकात निवृत्त विमान आणायची कल्पना निघाली, तर हे सगळं त्यात आलंच. लढाऊ विमान लो-बेड ट्रेलरवर पंख काढून येतं. जोडाचे बोल्ट गंजून बसलेले असतील, तर घाईत गॅसने कापतात आणि पुढे पंख कधीच नीट बसत नाहीत. क्रेनचा पट्टा नेमून दिलेल्या जागीच लागला पाहिजे, एक हात इकडे-तिकडे झाला की पत्रा चेपला. चौथऱ्यावर चाकं वेल्ड करून टाकणं ही सर्रास चूक, कारण नंतर टायर किंवा पाय दुरुस्त करायला जागाच राहत नाही. आपल्याकडे समुद्राचं मीठ नाही हा फायदा, पण जुलै-ऑगस्टमधली सलग ओल काही कमी नाही. वर छप्पर आणि दर पावसाळ्याआधी-नंतर धुणं, एवढा खर्च आधी धरावा. उद्घाटनाचा खर्च त्यापुढे किरकोळ.

विमानांपेक्षा जहाजांचं नशीब वाईट. विक्रांत जानेवारी १९९७ मध्ये निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत ती संग्रहालय होती, २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने बंद झाली, सुमारे ६० कोटींना भंगारात गेली आणि २०१४ मध्ये तोडायला घेतली. वर्षानुवर्षं पैसा कोणी घालायचा, एवढ्या एका प्रश्नावर ती बुडाली. दुसरी विमानवाहू नौका विराट २०१७ मध्ये निवृत्त झाली आणि २०२० मध्ये अलंगला गेली. टुपोलेव्हचं नशीब बरं. २०१७ मध्ये निवृत्त झालेल्या त्या विमानांपैकी एक विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर लोकांना आत शिरून बघता येतं. विक्रांतची विमानं दाबोळीत उरली, ती ज्या डेकवरून उडत होती तो डेक उरला नाही.

१९७६ ची वाटणी आजही पूर्ण झालेली नाही. इल-३८ ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी दाबोळीतच निवृत्त झाली. तिचं काम आता पी-८आय विमानं करतात. त्यांचं एक पथक अरक्कोणमला आणि २०२२ पासून दुसरं दाबोळीला आहे. पण जमिनीवरून उडून शत्रूच्या जहाजावर क्षेपणास्त्र सोडणारी जॅग्वार विमानं हवाई दलाचीच राहिली. ती आधी पुण्याला होती, नंतर जामनगरला गेली, आणि ज्या पथकाने एके काळी लिबरेटर आणि सुपर कॉन्स्टेलेशन समुद्रावर नेली, तेच पथक ती उडवत आलं आहे.