आन्झिशा पुरस्कार वेगळा, आफ्रिका प्राइझ वेगळं

आफ्रिकेतल्या एखाद्या तरुणाला पाणी, ऊर्जा किंवा कचऱ्याच्या प्रश्नावर काही केल्याबद्दल 25,000 चं बक्षीस मिळाल्याची जुनी बातमी दिसली, तर आधी चलन बघा. डॉलर असतील तर बहुधा आन्झिशा पुरस्कार. पौंड असतील तर आफ्रिका प्राइझ फॉर इंजिनिअरिंग इनोव्हेशन. दोन्हींच्या पहिल्या बक्षिसाचा आकडा अनेक वर्षं एकच होता, त्यामुळे गल्लत होते आणि दोन्हींना सरसकट ‘विद्यार्थी स्पर्धा’ म्हटलं जातं. (2024 मध्ये आफ्रिका प्राइझची विजेती, केनियाची एस्थर किमानी, हिला 50,000 पौंड मिळाले.)

विद्यार्थ्यांची स्पर्धा म्हणावी ती आन्झिशाच. जोहान्सबर्गजवळच्या आफ्रिकन लीडरशिप अकॅडमीने मास्टरकार्ड फाउंडेशनच्या साथीने ती उभी केली. वयोगट 15 ते 22. नुसती कल्पना चालत नाही, काम सुरू झालेलं लागतं. 2015 च्या अंतिम फेरीतला लेरॉय म्वासारू केनियातल्या मासेनो शाळेत शिकत होता. शाळेच्या शौचालयांमुळे आसपासचं पाणी खराब होत होतं आणि स्वयंपाकघरात लाकूड जळत होतं. त्याने मित्रांबरोबर मैल्यापासून बायोगॅस करायला घेतला. त्याच वर्षी दुसरी आलेली घानाची मेबल सुग्लो जुन्या टायरच्या चपला बनवून घेत होती, तेही अपंग कारागिरांकडून. यात नवं तंत्रज्ञान कुठे आहे? गोबरगॅस तर आपल्या खेड्यांनाही ठाऊक आहे. पण इथे पारख होते ती मुलाची: प्रश्न पाहून तो कामाला लागला का, आणि ते काम चालवतोय का. मला हे फार मोलाचं वाटतं.

आफ्रिका प्राइझमध्ये पारख यंत्राची. ब्रिटनच्या रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगने 2014 मध्ये ते सुरू केलं. उमेदवार 18 वर्षांवरचे आणि निवड झालेल्यांना काही महिने व्यवसायाचं प्रशिक्षण. पहिले विजेते टांझानियाचे अस्क्वार हिलोंगा हे तर पीएच.डी. झालेले केमिकल इंजिनिअर. त्यांचं पाण्याचं गाळणं वाळू आणि नॅनोपदार्थांचं (अतिसूक्ष्म कणांच्या पदार्थांचं), त्या-त्या भागातल्या दूषित घटकांप्रमाणे बदलता येणारं. टांझानियातल्या अरुशाच्या पाण्यात दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड जास्त. यवतमाळ-चंद्रपूरच्या वाचकांना त्याचं महत्त्व सांगायला नको.

युगांडाच्या ब्रायन गिट्टाने मकेरेरे विद्यापीठात असताना रक्त न काढता मलेरिया ओळखणाऱ्या उपकरणावर काम सुरू केलं. आफ्रिका प्राइझ मिळालं ते 2018 मध्ये, काही वर्षांच्या खटपटीनंतर. म्हणून या बक्षिसाला सरसकट ‘विद्यार्थी स्पर्धा’ म्हणू नये.