नागपुरात फुटबॉल क्लबचे स्वतःचे स्टेडियम : पात्रता, परवानग्या आणि कागदपत्रे

व्यावसायिक फुटबॉल संघासाठी स्वतंत्र स्टेडियम बांधायचे, तर ‘स्टेडियम परवाना’ नावाचा एकच अर्ज कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. जमिनीचा हक्क, बांधकाम परवानगी, ना हरकत दाखले आणि क्लब लायसन्स (संघाला व्यावसायिक स्पर्धेत खेळण्यासाठी लागणारा परवाना) अशी चार कामे वेगवेगळ्या टेबलांवर चालतात. जमीन पक्की होईपर्यंत बाकीच्या कामांवर पैसा घालू नका, हे मी आग्रहाने सांगेन. आधी देखणे संकल्पचित्र आणि मग सातबारा, या क्रमाने गेलेले प्रस्ताव बहुधा जमिनीपाशीच अडतात.

क्रिकेटला जामठ्यात 2008 पासून विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे (व्हीसीए) हक्काचे स्टेडियम आहे. फुटबॉलवाल्यांना यशवंत स्टेडियम किंवा मानकापूरचे विभागीय क्रीडा संकुल इतरांबरोबर वाटून घ्यावे लागते. शिवाय 400 मीटरचा धावमार्ग असला की गोलमागचा प्रेक्षक मैदानापासून फार लांब जातो. पुण्यात बालेवाडीला ज्यांनी इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) फुटबॉल सामने पाहिले, त्यांना हे अंतर ठाऊक आहे. कामठीसारखी फुटबॉलवेडी वस्ती शेजारी असताना नागपूरने धावमार्ग नसलेलेच स्टेडियम मागावे.

अर्ज कोण करू शकतो?
बांधकामाचा अर्ज जमीनमालक, नोंदणीकृत भाडेपट्टाधारक किंवा त्यांचा मुखत्यार करतो. क्लब कंपनी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि संचालक मंडळाचा ठराव लागतो. संस्था किंवा न्यास असेल तर नोंदणी, घटना आणि कार्यकारिणीचा ठराव. ठरावात सही करणाऱ्याचे नाव आणि अधिकार स्पष्ट लिहा. क्लबची संलग्नता हा वेगळा विषय. ती जिल्हा फुटबॉल संघटना, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ या साखळीतून येते.

अर्ज कुठे?
हे जागेवर ठरते. शहरात महापालिकेचा नगररचना विभाग, काही अभिन्यासांत (लेआउटमध्ये) नागपूर सुधार प्रन्यास, शहराबाहेरच्या महानगर क्षेत्रात नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एनएमआरडीए), विमानतळाशेजारच्या मिहान प्रकल्पात महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी. हद्दीवरच्या गावांत लोक हमखास चुकीच्या दारी जातात, म्हणून आधी सर्व्हे नंबर घालून झोन दाखला (विकास आराखड्यात जागेचा वापर काय ठरला आहे याचा दाखला) आणि आराखड्याचा भाग नकाशा काढा.

जमीन
नुसत्या खेळाच्या मैदानाचे माप 105 बाय 68 मीटर, म्हणजे 7,140 चौरस मीटर, जवळपास पावणेदोन एकर. गॅलरी, सरावाची जागा, पार्किंग आणि अग्निशमन गाडीचा रस्ता धरला की गरज त्याच्या कित्येक पट होते. मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण बसते का, हे मोजणी नकाशावरच तपासा. नाहीतर संध्याकाळच्या सामन्यात एका गोलकीपरच्या डोळ्यात ऊन येते. नागपूरच्या काळ्या मातीत पाण्याचा निचरा आणि पाया दोन्ही महाग पडतात, त्यामुळे माती परीक्षणही व्यवहाराआधीच करून घ्या.

विकास आराखड्यातला शेरा सर्वांत महत्त्वाचा. जागेवर ‘खेळाचे मैदान’ असे आरक्षण आहे म्हणून तिथे स्टेडियम चालेलच असे नाही, कारण मैदानावरच्या बांधकामाला मर्यादा असतात. आरक्षण बदलायचे झाल्यास महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 ची प्रक्रिया करावी लागते. तीत जाहीर सूचना निघते, हरकतींसाठी एक महिना मिळतो आणि अंतिम मंजुरी राज्य शासन देते. मोहल्ल्यातल्या पोरांचे रोजचे मैदान घेऊन स्टेडियम उभारायला निघालात तर हरकती येतीलच, आणि त्या यायलाच हव्यात. अशी जागा टाळा.

जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली, असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि नजराणा (शासनाला भरायची रक्कम) लागतो. महापालिकेची असेल तर भाडेपट्टा आयुक्तांच्या एकट्याच्या सहीने होत नाही.

कागदपत्रे
सातबारा किंवा आखीव पत्रिका, फेरफार, भूमी अभिलेख विभागाच्या मोजणी नकाशाची ‘क’ प्रत, वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी हक्काच्या तपासणीचा अहवाल), नोंदणीकृत खरेदीखत वा भाडेपट्टा, झोन दाखला, मालमत्ता कराची पावती, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची नेमणूकपत्रे, नकाशे. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि ‘क’ प्रतीवरचे क्षेत्र जुळत नसेल तर फाइल तिथेच थांबते, म्हणून ते आधी दुरुस्त करा. बांधकामाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्याला लागू नियमावली 2020 ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर. विकास शुल्काशिवाय बांधकाम खर्चाच्या 1 टक्का कामगार उपकरही भरावा लागतो.

ना हरकत दाखले
अग्निशमन विभागाचा दाखला दोनदा लागतो, आधी तात्पुरता आणि काम संपल्यावर अंतिम. बांधीव क्षेत्र 20,000 चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी, केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, झाडे तोडायची असल्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, वाहतूक पोलिसांचा अभिप्राय आणि महावितरणचा वीजभार मंजुरीचा अर्जही याच टप्प्यात.

विमानतळ प्राधिकरणाच्या उंचीच्या दाखल्याकडे मात्र खास लक्ष द्या. सोनेगावचा विमानतळ शहराला लागूनच आहे. अर्जात बहुतेक जण छताची उंची लिहितात, पण स्टेडियममध्ये सर्वांत उंच असतो तो फ्लडलाइटचा खांब. खांबाच्या टोकाची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची, म्हणजे जागेची मूळ उंची (नागपूर सुमारे 310 मीटरवर आहे) अधिक खांब, वर तडितरक्षकासकट. प्रत्येक खांबाचे अक्षांश-रेखांशही द्या.

मंजुरीनंतर
परिपूर्ण अर्जावर 60 दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. परवानगी एक वर्षाची असते, मुदतवाढ धरून जास्तीत जास्त चार वर्षे. जोत्यापर्यंत काम आले की तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. त्याआधी प्रेक्षक आत घेऊ नका.

क्लब लायसन्ससाठी स्टेडियम मालकीचेच हवे अशी अट नाही, लेखी करारही चालतो. म्हणून स्टेडियम वेगळ्या कंपनीच्या नावावर बांधणार असाल तर क्लबशी करार आधीच करा आणि त्यात पूर्ण हंगामाच्या तारखा, सरावाचे तास, ड्रेसिंग रूम हे सगळे लिहा. तिकिटाच्या सामन्यांसाठी पोलीस आयुक्तालयाची परवानगी लागते, ती स्टेडियमच्या परवानगीत येत नाही. अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र हंगाम असो वा नसो, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते.