पार्श्वभूमी : मानवी हक्क आयोगावरील नेमणुका आणि निवड समितीतील रिकाम्या जागा

भेदभावाविरुद्धची दाद ही गोष्ट कोल्हापुरास आयोगांच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे. 26 जुलै 1902 रोजी शाहू महाराजांच्या करवीर दरबाराने रिक्त होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या; 1919 मध्ये, दवाखान्यात अस्पृश्य रुग्णांना इतरांसारखेच वागवावे आणि ज्या कर्मचाऱ्यास हे मान्य नसेल त्याने राजीनामा द्यावा, असा हुकूम निघाला. हुकूम काढणारा आणि तो मोडणाऱ्यास जाब विचारणारा तेव्हा एकच होता, त्यामुळे जाब विचारणारा कोणी नेमायचा, हा प्रश्नच नव्हता. तो 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने आणला.

त्या कायद्यातील मानवी हक्कांच्या व्याख्येत समता आणि प्रतिष्ठा यांचा समावेश असल्याने सरकारी कार्यालयातील भेदभावाची तक्रार आयोगापुढे मांडता येते. राज्यातील आयोग 2001 चा. अध्यक्षांसह पाच जणांची मूळ रचना 2006 च्या दुरुस्तीने तिघांवर आली आणि 2019 मध्ये मुदत पाचवरून तीन वर्षे झाली. अल्प मुदत आणि पुनर्नियुक्तीची शक्यता यांची सांगड आयोगाच्या स्वतंत्र बाण्यास पोषक म्हणता येणार नाही.

नेमणूक राज्यपालांच्या सहीशिक्क्याने होते, मात्र नावे सुचवते ती समिती. मुख्यमंत्री तिचे अध्यक्ष. विधानसभेचे अध्यक्ष, गृहमंत्री आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेते सदस्य. विधान परिषद असलेल्या राज्यात परिषदेचे सभापती आणि तेथील विरोधी पक्षनेतेही. वाद आहे तो याच कायद्यातील कलम 22 च्या दुसऱ्या पोटकलमाचा : समितीत जागा रिकामी आहे एवढ्याच कारणाने नेमणूक अवैध ठरत नाही. एखादा सदस्य नसल्याने काम अडू नये, एवढ्यापुरती ही तरतूद रास्तच आहे. परंतु 2024 च्या निवडणुकीत विरोधी पक्षनेतेपदासाठी धरल्या जाणाऱ्या दहा टक्के, म्हणजे 288 पैकी 29 जागा विरोधातील एकाही पक्षास मिळाल्या नाहीत आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद 2025 च्या अधिवेशनांतही रिकामे राहिले. (दहा टक्क्यांची ही अट संकेताची आहे, विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनासंबंधीच्या 1978 च्या राज्य कायद्यात ती नाही.) ऑगस्ट 2025 मध्ये परिषदेतील विरोधी पक्षनेत्यांचीही मुदत संपली. अशा वेळी गृहखाते मुख्यमंत्र्यांकडेच असेल, तर सहा जागांच्या समितीत माणसे उरतात तीन.

विरोधी पक्षनेत्याच्या मताने एरवी तरी काय अडते, असे यावर विचारले जाते. केंद्रीय दक्षता आयुक्तांची निवडही विरोधी पक्षनेता असलेली समितीच सुचवते; त्यांच्या नेमणुकीच्या प्रकरणात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एकमत आवश्यक नाही, म्हणजेच एका सदस्यास नकाराधिकार नाही; मात्र असहमती दर्शवणाऱ्याने आणि ती बाजूस सारणाऱ्या बहुमतानेही आपापली कारणे नोंदवावीत. डिसेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय आयोगाच्या अध्यक्षांची निवड करताना संसदेतील दोन्ही विरोधी पक्षनेत्यांनी असहमतीची टिपणे दिली. नियुक्ती व्हायची ती झालीच, पण प्रादेशिक, जातीय आणि धार्मिक समतोलाची हरकत कागदावर राहिली. राज्यात या दोन जागा रिकाम्या असतील, तर असे टिपण लिहिण्यासाठी विरोधी बाकांवरचे कोणीच समितीत नसते, आणि नेमणूक मात्र पोटकलमामुळे वैध राहते.

18 ऑगस्ट 2025 पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयीन इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे न्यायपीठ) सुरू झाल्याने, अशा नेमणुकीस आव्हान देऊ इच्छिणाऱ्या कोल्हापूरकरास उच्च न्यायालय आता गावातच आहे. आयोगाचे कार्यालय मात्र मुंबईत आहे.